ज्या वर्षी जबल-ए-नूरवर गर्दी नव्हती

गर्दीचा मला लहानपणापासून तिटकारा, आणि अल्लाने पोट लावलं ते गर्दीच्याच पाठी. जेद्दाच्या बलदमध्ये, जुन्या बाजारातल्या एका गल्लीत मी हजला नेसायचं एहरामचं कापड, नमाजाच्या जानमाझ आणि जपाच्या तसब्या विकणाऱ्या दुकानात मॅनेजर होतो. हजच्या मोसमात त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसे. दिवसभर हसून बोलायचं आणि घरी आलं की बायकोवर खेकसायचं, असा माझा कारभार होता. बायको रत्नागिरीकडचीच असल्यामुळे तीही ऐकून घेणारी नव्हती. "गिऱ्हाईक नसतं तर खाल्लं काय असतंत?" एवढंच विचारायची.

मक्केजवळच्या जबल-ए-नूरवर मी तोवर दोनदा चढलो होतो, आणि दोन्ही वेळा चिडूनच उतरलो होतो. पैगंबरांना जिथे पहिली आयत उतरली ती हिराची गुहा या डोंगराच्या माथ्याशी आहे. तेव्हा तिथे आजच्यासारखी धड वाट नव्हती. कुणी कुणी दगड रचून पायऱ्यांसारखं काहीतरी केलेलं होतं. त्यावरून पहाटेपासून माणसांची रांग लागे: एकाच रंगाची जाकिटं घातलेल्या तुर्की म्हाताऱ्या, गळ्यात सारखे रुमाल बांधलेले इंडोनेशियाचे लोक, उंचेपुरे नायजेरियन. पायथ्याशी पाच-सहा भाषांत मोठा फलक होता की या डोंगरावर चढणं हा हजचा किंवा उमऱ्याचा, म्हणजे एरवीच्या छोट्या यात्रेचा, भाग नाही, पैगंबरांनी घालून दिलेली सुन्नत नाही, लोकांनी चढू नये. त्याच फलकाला टेकून लोक दम खात आणि मग चढायला लागत. वर गेल्यावर तर विचारूच नका. गुहेत जेमतेम दोन माणसं मावतात, आणि बाहेर शंभर-दीडशे जण रेटारेटी करतायत. एकदा एका तुर्की आजीने माझा हात घट्ट पकडला तो थेट माथ्यावरच सोडला. ओळख ना पाळख. मी मनातल्या मनात चरफडत होतो.

कुवेतवर इराकने हल्ला केला त्याच्या चार-सहा दिवस आधी आई आमच्याकडे आली. आमच्या पहिल्या मुलीच्या वेळी बायकोचे दिवस भरत आले होते, म्हणून तिला व्हिजिट व्हिसावर आणलं होतं. आणि माझा धाकटा भाऊ कुवेतमध्ये होता.

त्याच्याबद्दल जे सांगायचं आहे ते आत्ताच सांगतो, नाहीतर पुढे धीर होणार नाही. हज आटोपल्यावर आठवडाभरात त्याचा फोन आला होता. "भाई, हिकडं माझा काय खरं नाय. कफील पगार अडवतो, हात पण उचलतो. तुझ्याकडं काय व्यवस्था होईल का?" आमच्या दुकानात तेव्हा एक जागा रिकामी होती. माझा कफील, म्हणजे ज्याच्या जामिनावर मी तिथे होतो तो मालक, भला माणूस, व्हिसा काढून द्यायलाही तयार होता. पण मी मोसमाने पिळून निघालो होतो, आणि भावाचा पाय कधीच एका जागी ठरत नसे. मुंबईत दोन नोकऱ्या, बहारीनमध्ये एक, सगळीकडून तो असाच रडत परतला होता. मी म्हणालो, "जिथं आहेस तिथं टिक. प्रत्येक वेळी मी तुला निस्तरायचं का?" तो "बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. त्यानंतर तीन आठवड्यांत कुवेतच्या लाइनी बंद पडल्या.

आई आमच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून छाती पिटत होती. "तू त्याला का नाय रे बोलावून घेतलास? तू मोठा ना?" त्या क्षणी माझ्या तोंडून निघून गेलं, "बोलावलं होतं आई. ये म्हटलं होतं. त्यानेच ऐकलं नाही."

एवढंच वाक्य. पण त्या दिवसापासून आईच्या रडण्याची दिशाच बदलून गेली. माझ्यावरचा तिचा राग भावाकडे वळला. "लहानपणापासून हट्टीच. मोठ्या भावाचं ऐकलंन असतं तर..." असं ती प्रत्येक नमाजनंतर म्हणायची, आणि मी पेपर उघडून बसायचो. पुढे विमानं भरभरून कुवेतमधले आपले लोक मुंबईला नेले गेले. आमच्या गावचेही बरेच परतले. त्यातल्या एकाने निरोप दिला की भाऊ त्याच्या कफीलच्या दुकानाची राखण करत मागे राहिलाय, पासपोर्ट कफीलकडेच आहे. मग असे निरोपही बंद झाले.

आईने परत जायला साफ नकार दिला. "धाकट्याची खबर आल्याबिगर मी हलणार नाय." कफीलने खटपट करून तिचा व्हिसा वाढवून दिला. तिचं एकच टुमणं होतं, मना नूरच्या डोंगरावर ने. गुडघे धरलेले, वय साठीच्या पुढे. मी दर वेळी एकच सबब सांगे: "फार गर्दी असते आई. चेंगराचेंगरी होते. गर्दी कमी होऊ दे."

जानेवारीत लढाई पेटली. रियाधवर आणि पूर्वेच्या बाजूला मिसाइलं पडू लागली. जेद्दात आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, पाण्याचे कॅन भरून ठेवले, आणि तरी दुकान रोज उघडत होतो. उमऱ्याला बाहेरून येणारी माणसं जवळजवळ थांबली. आमच्या गल्लीत दुपारी मांजरं झोपलेली दिसायची. आयुष्यात प्रथमच मला हवी तशी शांतता मिळाली होती आणि ती मला खायला उठत होती. एका रात्री जेवताना बायको म्हणाली, "आता तरी न्या आईंना. आता कुठली गर्दी सांगणार?"

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज पढून आम्ही निघालो. तपासणीच्या नाक्यावर शिपायाने माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि आईचा पासपोर्ट पाहिला, आईकडे पाहिलं आणि "दुआ कर, अम्मा" अशा अर्थाचं काहीतरी अरबीत बोलून सोडून दिलं. पायथ्याशी आमची एकच गाडी उभी राहिली. फलकाला टेकायला कोणी नव्हतं. अर्ध्या वाटेवर एक येमेनी माणूस चहाची किटली घेऊन बसायचा. त्यांच्या सरकारने इराकची बाजू घेतल्यामुळे त्या वर्षी बऱ्याच येमेनींना देश सोडून जावं लागलं, त्यात तोही गेला असावा. त्याच्या चुलीचे तीन दगड तेवढे होते.

मला वाटलं होतं, मोकळी वाट म्हणजे चढाई सोपी. ते काही खरं नाही. गर्दीत माणूस आपोआप वर जातो, पुढचा ओढतो, मागचा रेटतो, थांबायचं म्हटलं तर शेजारचा खजूर पुढे करतो. आम्ही दोघंच. एका उभ्या टप्प्यावर आई दगडाला धरून उभी राहिली, पाय वर उचलेना. वरून ओढू की खालून ढकलू, मला कळेना. दोन्ही करून पाहिलं. वरून ओढलं तर तिचा खांदा दुखायचा, खालून ढकललं तर ती हसायची आणि हसताना तिचा तोल जायचा. "तुझ्या बापानं कधी असं ढकललान नाय मना," म्हणाली. मला तेव्हा त्या तुर्की आजीची आठवण झाली आणि मनातून शरम वाटली.

जिथे इतर लोक तासाभरात चढतात तिथे आम्हाला दोन तासांवर वेळ लागला. माथ्यावर पोचल्यावर आईने चारी बाजूंना पाहिलं. खाली मक्का, हरम मशिदीचे मिनार, आजूबाजूला नुसते काळे डोंगर. माझा ऊर खरोखर भरून आला. एवढी मोठी जागा आणि आपल्याला अशी निवांत मिळाली, असं मी म्हणालो.

आईचा चेहरा मात्र पडला होता. "कोणच नाय रे," ती म्हणाली.

"बरंच झालं की. किती दिवस हेच सांगत होतो."

"मना गर्दीच हवी होती, बाबू." ती धापा टाकत दगडावर बसली. "आपण मागायचं आणि शंभर लोकांनी आमीन म्हणायचं. त्यांना काय ठाव आपण कशासाठी मागतो? तरी म्हणतात. एवढ्या तोंडांत एक तरी नेक माणूस असतोच. त्याची आमीन अल्ला टाळत नाय. म्हणून तर तुझ्या पाठी लागली होती मी."

मी पाच महिने तिला जिच्यापासून लांब ठेवलं, तीच गर्दी तिला हवी होती. तिला धरून मी गुहेपर्यंत उतरवलं. आत तिने बसून दोन रकात नफिल, म्हणजे जादाची नमाज, पढली. बाहेर आली, मक्केकडे तोंड करून बसली, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि हात पसरले. अरबी दुआ संपल्यावर ती आमच्या बोलीत मागू लागली. माहेरचं, सासरचं, गावातल्या आजाऱ्यांचं, आमच्या मुलीचं. दर वाक्याला मी आमीन म्हणत होतो.

मग ती म्हणाली, "या अल्ला, माझा धाकटा नादान हाय. मोठ्या भावानं बोलावलान, तरी त्यानं आयकलान नाय. मोठ्याचा शब्द मोडलान. त्याचा हा गुन्हा माफ कर, आणि त्याला सुखरूप घरी आण."

आणि ती थांबली.

शंभर माणसं असती तर माझी आमीन त्यांत खपून गेली असती. न म्हटलेली सुद्धा खपली असती. तिथे वारासुद्धा नव्हता. आईने हात तसेच धरून मान वळवली.

"आमीन म्हण ना."

"नाही म्हणता येत, आई."

"का?"

मी सांगितलं. त्याचा फोन, कफीलचा मार, रिकामी जागा, मी त्याला काय म्हणालो ते, शब्दन् शब्द. सांगताना मी तिच्याकडे पाहत नव्हतो, खाली दिसणाऱ्या रस्त्यावरच्या एका ट्रककडे पाहत होतो. आईने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने पसरलेले हात हळूहळू मांडीवर ठेवले.

मग म्हणाली, "पाच महिनं मी अल्लाकडं त्याची चुगली करत होते. रोज, पाच वेळा." आणि ती रडू लागली. ती रडत होती ती भावासाठी नाही, माझ्यासाठी तर नाहीच. आपल्या मुलावर आपण नाहक आळ घेतला म्हणून रडत होती. तो आळ माझा होता आणि शरम तिला वाटत होती. मला स्वतःची इतकी घृणा पूर्वी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटलेली नाही.

डोळे पुसून तिने पुन्हा हात पसरले. "या अल्ला, माझ्या धाकट्याचा काय गुन्हा नाय. त्याला घरी आण."

"आमीन," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. दुसरं कोण होतं तिथे म्हणायला?

उतरताना ती माझ्या हाताला धरूनच उतरली. पण त्यानंतरचे कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. बायकोने विचारलं, मी तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "आता मी काय बोलू?" आणि मुलीला घेऊन आईच्या खोलीत जाऊन बसली.

फेब्रुवारीअखेर कुवेत मोकळं झालं. रमजान लागल्यावर चार-पाच दिवसांनी दुकानाच्या पत्त्यावर एक पत्र आलं. मदतीचं धान्य घेऊन कुवेतला गेलेल्या एका पाकिस्तानी ट्रक ड्रायव्हरने ते दम्माममध्ये येऊन पोस्टात टाकलं होतं. पाकिटावरचं अक्षर पाहिल्याबरोबर मी दुकान सोडून घरी पळत सुटलो. आई कुराण पढायची, पण मराठी अक्षर तिला येत नव्हतं. इफ्तारला अजून वेळ होता. तिच्यासमोर बसून मी वाचायला घेतलं.

तो जिवंत होता. अंगाने निम्मा झालाय, असं त्याने लिहिलं होतं, पण हातपाय धड आहेत. आई तोंडावर पदर घेऊन ऐकत होती. पुढची ओळ माझ्या डोळ्यांनी आधी पाहिली आणि मी थांबलो. ती ओळ मी गाळली असती तर आईला कधीच कळलं नसतं. मी वाचली.

"आई, भाईला बोल लावू नकोस. त्याने मला ये म्हणून सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

आई म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा मला जमलं नाही. मी पत्र खाली ठेवलं आणि आईच्या पायाशी बसून हमसून हमसून रडलो. बायको दारात उभी होती, तिच्यासमोर.

आईने मला रडू दिलं. मग म्हणाली, "तू पण खोटं बोललास, तो पण खोटंच बोलतोय. तू सोतासाठी बोललास. तो तुझ्यासाठी बोलतोय." तिने पत्र उचललं, हाताने सरळ केलं आणि माझ्या गुडघ्यावर ठेवलं. "कागद आण. त्याला जबाब लिही."

"काय लिहू?"

"ये म्हणून लिही."