देवसिंगचा अर्धा फेरा

महागावच्या बसस्टँडसमोर माझं कृषी केंद्र आहे आणि माझ्या भिंतीला भिंत लावून देवसिंग राठोडचं फिटिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं मी हा शेजार सोसला. तेव्हा त्याच्याविषयी चार शब्द वाकडे बोलायचा हक्क मला आहे, आणि तो मी आज वापरणार आहे.

देवसिंग ट्रॅक्टर, थ्रेशर, मोटारपंप, जे येईल ते खोलतो आणि जोडतो. काम चांगलं. खोड एकच. कुठलाही बोल्ट पुरेसा आवळलेला आहे, यावर या माणसाचा विश्वासच बसत नाही. दुसऱ्याने आवळलेला असो की त्याने स्वतः, जाता जाता तो आणखी अर्धा फेरा देणारच. माझ्या दुकानातला नळ ‘टपकून राह्यला’ म्हणून त्याने असा आवळला की नळ त्याच्या हातात आला आणि पाणी माझ्या युरियाच्या पोत्यांवर. घरी कुकरचं हँडल तीनदा बदललं. तो हळदीच्या डब्याला झाकण लावून गेला की त्याच्या बायकोची, बिजलीबाईची, त्या दिवशीची भाजी पांढरी. यावर कोणी काही बोललं की छाती काढून सांगणार, “आपला हातच काटा हाय, भाऊ. मोजमाप ज्याले येत नाही त्याले लागते.”

अशा माणसाच्या पोटी रंजिता जन्मली. ती सगळं मोजून करते, हा देवाचा विनोदच म्हणायचा.

रंजिता यवतमाळला कॉलेजात गेली आणि तिथे नेमबाजीला लागली. विमलताई नावाच्या बाई तिथे पोरींना शिकवतात. पोरगी दोन वर्षांत जिल्ह्यात पहिली आली. मग पुण्याच्या कोणा खेळाडूची जुनी एअर रायफल मिळाली. दहा मीटरवरून छर्रे मारायची, परवाना न लागणारी. देवसिंगने मात्र तांड्यात, म्हणजे आपल्या बंजारा वस्तीत, ‘मिलिटरीची हाय’ असं सांगून टाकलं. ती सुट्या भागांत, पेटीतून आली. नळी आणि यंत्र एकीकडे, लाकडी दस्ता दुसरीकडे, आणि दोन्ही जोडायला दोन बोल्ट.

जोडणी घरीच झाली. रंजिताने खाटेवर गोधडी अंथरली, दस्ता ठेवला आणि पिशवीतून एक छोटा पाना काढला. टॉर्क पाना. त्याच्या मुठीवर आकडे होते. पाचावर लावला की पाचाएवढा जोर झाल्यावर तो टक् करतो, म्हणजे थांबायचं. लाकडाला कमी चालत नाही आणि जास्तही चालत नाही, असं तिने बापाला समजावून सांगितलं.

देवसिंग त्या पान्याकडे घरात परका माणूस शिरावा तसा बघत होता. “पान्यानं मानसाले सांगाव का बस कर म्हून? कायले शिकली मंग तू?”

“बा, याले हात लावू नको,” रंजिता म्हणाली. “पाच म्हंजे पाच.”

दोनदा टक् झालं. तिने वहीत तारीख घातली, पुढे ‘पाच, पाच’ लिहिलं आणि पेटी बंद केली. दुसऱ्या दिवशी अमरावतीला स्पर्धा होती. त्यातून नागपूरच्या शिबिरासाठी विमलताई आपल्या मुलींतून एक नाव पाठवणार होत्या. रंजिताचं वय पाहता कनिष्ठ गटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. नागपूर म्हणजे पुढे राज्याचा संघ. सगळं त्या एका नावावर होतं.

अमरावतीला पहिले तीस छर्रे सुरेख गेले. नंतर एकेक उजवीकडे सरकू लागला. तिने दुर्बीण नसलेल्या त्या बारक्या छिद्रात डोळा फोडून घेतला, श्वास मोजला, नेम जुळवायची कळ फिरवून पाहिली. तरी छर्रे आपले उजवीकडेच. चौथी येईल वाटणारी पोरगी एकोणिसावी आली.

संध्याकाळी तिने तिथूनच फोन केला. मी देवसिंगच्या शेजारीच उभा होतो. “बा, तू रायफलले हात लावला काय?”

“म्या? सेवाभायाची आण!” देवसिंग म्हणाला. “नजर लागली असंन. नायतर पंच फोडला असंन अमरावतीवाल्यायनं.”

आता सेवाभायाची, म्हणजे संत सेवालाल महाराजांची, आण बंजाऱ्यांत कोणी थट्टेवारी घेत नाही, म्हणून मीही विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, वाढवला. पुढचा आठवडाभर माझ्या दुकानातून जे कोणी फवारणीचं औषध घेऊन गेलं, ते ‘आपल्या तालुक्याच्या पोरीवर अमरावतीत कसा अन्याय झाला’ ही गोष्टही फुकट घेऊन गेलं. पंचाला किती पाकिटं मिळाली, हे सुद्धा मी सांगत होतो. मला कोणी विचारलं नव्हतं.

रंजिता परत आली आणि पाना घेऊन बसली. पाचावर लावला, बोल्ट जागचा हलला नाही आणि पाना टक् करून गेला. आठावर तसंच. बारावरही तसंच. म्हणजे बोल्ट बाराच्याही पलीकडे आवळलेला होता. तिने तो खोलला. आत लाकडात केसासारखी चीर होती. छर्रे सुटता सुटता ती चीर रुंदावत गेली आणि नळी तिच्यासोबत सरकत गेली.

ती रायफल घेऊन विमलताईंकडे गेली. त्यांनी चीर पाहिली, वही पाहिली आणि म्हणाल्या, “वहीत पाच, बोल्टवर बाराच्या वर. रायफल तू जोडलीस. आपलं हत्यार नीट जोडता न येणारी मुलगी मी नागपूरला पाठवली तर मलाच विचारतील. दुसऱ्या कोणी हात लावला असेल तर त्याने येऊन सांगावं, पण लवकर. नाव फार दिवस अडवून ठेवता येणार नाही. तसं असेल तर तुझ्या आधीच्या गुणांवर मी नाव देते. रायफल शिबिरात मिळेल.”

एवढंच काम होतं. यवतमाळला जायचं आणि एक वाक्य बोलायचं. पण आण घेतलेली होती, आणि तांडाभर पंच विकला गेलेला होता.

शनिवारी सकाळी माझ्याच दुकानात, चहाचा कप हातात धरून, रंजिताने बापाला पुन्हा विचारलं. “बा, अजून येळ हाय. लावला असंन त सांग. मी रागावत नाही.”

देवसिंग हसला. “पाय भाऊ, शिकवल्यावर लेकरं बापालेच चोर म्हन्तेत.” आणि मी, दीडशहाणा, त्याच्यासोबत हसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

रंजिताने कप खाली ठेवला आणि ती थेट तांड्याचे नायक नेमसिंग यांच्याकडे गेली. तिने नसाब मागितली, म्हणजे तांड्याची पंचायत. पोरीने बापावर नसाब बोलवायची, हे नायकाने सत्तर वर्षांत ऐकलं नव्हतं. पण खोट्या आणेचा संशय आहे म्हटल्यावर त्याला नाही म्हणता येईना.

रविवारी लिंबाखाली सारा तांडा जमला. शेजारी म्हणून मलाही एक खुर्ची मिळाली. देवसिंग धुतलेलं धोतर नेसून आला होता, सत्कार असल्यासारखा. नायकाने विचारलं तशी त्याने आण पुन्हा सांगितली आणि वर जोडलं, “आन् धरून चाला का लावला असता, तरी ह्या हातानं पाचाचे सहा झाले नसते. बावीस साल झाले, हातच काटा हाय.”

“मंग दाखव,” रंजिता म्हणाली.

थ्रेशरची जाड पट्टी आणली. तिला पाच बोल्ट बसवले. देवसिंगने आधी टॉर्क पान्याने एक बोल्ट पाचावर आवळून पाहायचा, म्हणजे पाच कसा लागतो ते कळेल, आणि मग उरलेले चार आपल्या साध्या पान्याने तसेच आवळायचे, असं ठरलं. त्याने बाह्या सरसावल्या, तळहात चोळले, डोळे मिटले. एखादा गवई तंबोरा जुळवतो इतका वेळ त्याने चार बोल्टांना लावला. मग पट्टीपासून दूर झाला, जाता जाता वळला आणि प्रत्येकाला अर्धा फेरा देऊन आला. त्याला स्वतःला ते कळलंही नाही. मात्र सगळ्या तांड्याला दिसलं.

रंजिता मोजत गेली आणि त्याचा जुना दोस्त फुलसिंग आकडे ओरडत गेला. “अकरा!” लोक हसले. “तेरा!” बायका पदर तोंडात घालून हसल्या. “नऊ! अरे, हा बरा हाय!” चौथ्याला पान्याचे आकडेच संपले. पंधरावर लावून टक् झालं आणि बोल्ट तसाच. फुलसिंगला काय ओरडावं कळेना. तो म्हणाला, “पास!”

हसण्याचा असा गलका झाला की लिंबावरचे कावळे उठले. देवसिंगचं तोंड लाल झालं. हात खोटा ठरत होता, आणि तो त्याला आणेपेक्षा प्यारा होता. तो उठून उभा राहिला आणि पट्टीवर बोट नाचवत ओरडला, “लोखंडाले मानूस जोरच लावते! कायले हसून राह्यले? रायफलच्या बोल्टाले मी एवढा जोर लावलाच नव्हता!”

हसणं एकदम थांबलं. बिजलीबाईने कपाळाला हात लावला. देवसिंग तसाच बोट वर करून उभा राहिला. आपण काय बोललो, हे त्याला आमच्या तोंडांवरून कळलं.

नायक म्हणाला, “देवसिंग, आणेचं काय ते पुढं पाहू. दंडाचं बोकड कापून हे मिटत नाही. आदी पोरीचं. उद्या यवतमाळले जाय आन् त्या बाईसमोर हेच बोल.”

सोमवारी माझ्या गाडीतून आम्ही तिघं गेलो. रंजिता मागे पेटी घेऊन बसली होती. वाटेत देवसिंग ओठातल्या ओठात वाक्य घोकत होता. विमलताईंसमोर त्याने टोपी काढली आणि एका दमात बोलला. पोरीनं बरोबर जोडली होती. ती आंघोळीले गेल्यावर म्या पेटी खोलली. दोन्ही बोल्ट आवळले. तिनं नको म्हन्लं होतं. नजर लागली नाही, पंच खोटा नाही, म्या केलं. इतकं खरं आणि इतकं थोडं मी त्याच्या तोंडून बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

विमलताईंनी शांतपणे ऐकलं. कागदांच्या चळतीतून एक कागद काढून पुन्हा तिथेच ठेवला. “नाव शनिवारी दुपारी गेलं,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या मुलीचं. आता मागे घेता येत नाही. शनिवारी सकाळी नुसता फोन केला असता तरी चाललं असतं.”

शनिवारी सकाळी आम्ही दोघं चहा पीत हसत होतो.

परत निघालो. देवसिंग पुढे माझ्या शेजारी बसला होता, हात मांडीवर उपडे ठेवून. आर्णीच्या अलीकडे त्याने घसा खाकरला. “भाऊ, तुम्हीच सांगा. रात्रंदिवस जिच्यासाठी मरून राह्यलो, तिचं वाईट करीन का मी?”

उत्तर मागून आलं. रंजिताचा आवाज चढलेला नव्हता.

“केलं ना, बा. बोल्ट एकाच दिवशी आवळला तू. खोटं त आठ दिवस बोलला.”