इंजिन उतरवलेली गाडी

आबांना तिसऱ्यांदा हातखंब्याच्या तिठ्यावरून परत आणलं, त्या दिवशी मी गाडी घ्यायचं ठरवलं.

आबा म्हणजे माझे वडील. ऐंशी ओलांडलेले. उमेदीची तीस वर्षं त्यांनी एका आंबा व्यापाऱ्याची पिकअप चालवली. पुढे लांब नाक असलेली, जुनी डिझेलवाली. ती केव्हाच भंगारात गेली. आबांच्या डोक्यातून नातवंडांची नावं गेली, आई वारल्याचं गेलं, गाडी तेवढी राहिली. चहा झाला की विचारायचे, "गाडी लावलीस कुठे रे?" आणि आमची नजर चुकली की शोधायला निघायचे. सापडायचे तिठ्यावर, महामार्गाच्या ऐन मध्ये, हात करून ट्रक थांबवताना. शेवटच्या खेपेला एका ड्रायव्हरने ब्रेक मारला तो आबांपासून हातभरावर. "म्हाताऱ्याला सांभाळा, सर," तो मला म्हणाला. "पुढचा थांबेलच असं नाय."

दाराला कुलूप लावून पाहिलं. आबा आतून इतक्या अदबीने "अहो, कोणी आहे का?" विचारत राहिले की बायकोनेच ते काढलं. "त्यांना गाडीच आणून द्या," ती म्हणाली. "अंगणात दिसली की शोधणार कशाला?"

तिठ्याजवळच्या एका हॉटेलवाल्याकडे तशीच गाडी होती. चौथऱ्यावर, भोवती साखळी, समोर पाटी : 'आमचा वारसा'. हा वारसा त्याने चार वर्षांपूर्वी कोल्हापुराहून विकत आणला होता. आता याहून मोठा वारसा बघून ठेवल्यामुळे हा काढायचा होता.

"रंग बघा, सर. कारखान्यातून निघाली तेव्हापण असा रंग नव्हता."

"तेच म्हणतो मी," मी म्हटलं. "आणि इंजिन?"

"नवीन टाकलंय. आवाजच येत नाय!"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला; अस्सल आणि नक्कल यांतला फरक सांगून पोट भरलं. तरी आबांना काय कळणार, असं मीही मनात म्हटलंच. त्यांना घेऊन गेलो. आबा चढले, स्टिअरिंगवर हात फिरवला, सेल्फ मारला. इंजिन विनातक्रार सुरू झालं. आबांनी कान दिला, बंद केलं आणि खाली उतरून मला हात जोडले.

"साहेब, गाडी झकास आहे. पण माझी नव्हे. मला निघायला हवं, माल खोळंबलाय."

आणि महामार्गाकडे चालू लागले. मी दंडाला धरून त्यांना मागे ओढलं. तोवर ते मला कधी साहेब म्हणाले नव्हते.

मग एकच अट ठेवली : बाकी सगळं कुजलेलं चालेल, इंजिन मूळचं हवं. दोन महिने फोन केले. आंजर्ल्याकडच्या एका होडीवाल्याकडे तशा गाडीचा पत्ता लागला.

"बॉडीत काय नाय उरलं," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "मासळी न्यायचो, खाऱ्या पाण्यानं खाल्ली."

"इंजिन मूळचं आहे ना?"

"हाय तर."

"कागदावरचाच नंबर?"

"तोच."

"चालू आहे?"

"रोज चालतंय."

यापुढे विचारायचं काही राहिलं नाही, असं मला वाटलं. गेलो. सुरूच्या झाडांखाली गाडी उभी होती. हौद्यातून खालची वाळू दिसत होती. मला उलट बरंच वाटलं. गंजाची नक्कल कोणी करत नाही. मग त्याने बॉनेट उचललं. इंजिनाच्या जागी एक कोंबडी बसली होती.

"इंजिन?"

"होडीत," तो म्हणाला. माझा चेहरा बघून त्यालाच नवल वाटलं. "मग काय, गाडीत ठेवून गंजवू? आमच्यात गाडी थकली की इंजिन पाण्यात जातं. येतंच हाय बघा."

खाडीच्या तोंडाशी होडी दिसायच्या आधी आवाज आला. लहानपणी संध्याकाळी हाच आवाज घाटी चढून यायचा आणि आई भात वाढायला घ्यायची. मी तिथल्याच एका दगडावर बसलो. होडी लागल्यावर त्याने फळ्या काढल्या, तारेच्या ब्रशने घासून नंबर दाखवला. कागदावरचाच होता.

"पण हे देनार नाय हां, सर. ह्याच्यावर दोन घरं चालतात."

शहाण्या माणसाने तिथून परत यावं. मी इंजिनाशिवाय गाडी घेतली. रिकाम्या हाताने घरी जायची भीती वाटत होती, एवढंच. त्या सकाळीच आबांनी आम्ही लपवलेल्या चपला शोधून काढल्या होत्या.

क्रेनने आणून गाडी अंगणात ठेवली. आबांनी दोन फेऱ्या मारल्या आणि बॉनेट उघडलं. बायकोने पदर तोंडाशी धरला. मी फाटक अडवून उभा राहिलो. आबा त्या भोकात बराच वेळ बघत राहिले.

"इंजिन उतरवलंय?"

"हो."

"फिटर कुठला?"

"आंजर्ल्याचा."

"म्हणजे वेळ लागणार," आबा म्हणाले. त्यांनी पडवीतलं गोणपाट आणलं, पुढच्या चाकाशी अंथरलं आणि बसले.

तेव्हा मला आठवलं. इंजिन उतरवलं की ड्रायव्हरने गाडी सोडायची नाही, हा त्यांच्यातला नियम. सोडली तर दुसऱ्या दिवशी बॅटरी नसते, तिसऱ्या दिवशी चाकं. एकदा आबा असे अकरा दिवस रस्त्याकडेला राहिले होते. आम्ही भावंडं डबा पोचवायचो.

याला पाच महिने झाले. आबा हातखंब्याला गेलेले नाहीत. आंघोळीला, जेवायला, झोपायला घरात येतात, तेही मला किंवा बायकोला गाडीपाशी बसवून. संध्याकाळी विचारतात, "आलं?" मी म्हणतो, "नाही अजून."

काल होडीवाल्याचा फोन आला. पावसाळ्याची मासेमारीबंदी लागतेय, होडी वर ओढणार. पुढच्या हंगामाला नवं इंजिन घेतोय. "तुमचं इंजिन घेऊन जा, सर. तुमचा जीव होता त्याच्यात." अगदी मायेने म्हणाला. नंतर सांगतो म्हणून मी फोन ठेवला. ते इंजिन बसलं की आबा सेल्फ मारणार, आणि आमच्या अंगणापासून महामार्गापर्यंत नुसता उतार आहे.

आज संध्याकाळी आबांनी विचारलं, "आलं?"

"नाही. फिटर म्हणतो, काम मोठं निघालं."

"करू दे सावकाश. घाईत बांधलेलं इंजिन तेल गाळतं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तू जा घरात. मी आहे गाडीपाशी."

मी फाटकाची कडी तपासली आणि नको म्हणून सांगायला होडीवाल्याला फोन लावला.