फिटरचं फिरतं कपाट

आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला सगळी गल्ली फिटर म्हणायची. त्याचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण त्या नावाने हाक मारली असती तर त्याने मागे वळूनसुद्धा बघितलं नसतं. म्हणून मीही फिटरच म्हणायचे.

कागदाच्या गिरण्यांमध्ये मोठाली मशिनं बसवायचं त्याचं काम. जिथे नवी गिरणी उभी राहायची तिथे हा सगळ्यांच्या आधी. छप्पर नाही, संडास नाही, नुसते खांब उभे, आणि हा पत्र्याच्या शेडमध्ये इतर कामगारांबरोबर खाटेला खाट लावून झोपायचा. महिनोन्‌महिने. शेवटी मशिन फिरायला लागायचं, पहिला पांढरा कागद बाहेर पडायचा, साहेब लोक टाळ्या वाजवायचे, आणि हा बॅग उचलून निघायचा.

“दोन दिवस थांबून बघावं तरी, आपण बसवलेलं कसं चालतंय ते,” मी एकदा म्हटलं.

“चालू मशिनपाशी फिटरचं काय काम, मावशी? तिथे उभं राहिलं तर लोकांना वाटतं काहीतरी बिघडलंय.”

एक काम संपून दुसरं लागेपर्यंत तो माझ्या वरच्या खोलीत असायचा. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला एक खिळा. खिळ्याला टॉवेल. बाकी जे काही होतं ते खाटेखालच्या बॅगेत. माझ्याकडे एक लोखंडी कपाट पडून होतं. म्हटलं, घेऊन जा वर.

“त्यात काय ठेवू?”

“कपडे ठेवा, दुसरं काय!”

“कपडे बॅगेत आहेत की,” असं म्हणून त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याला कपडे झाडावर ठेवायला सांगत होते.

बायको त्याची फार लवकर गेली. पोर तेव्हा एवढीशी. ती वाढली त्याच्या बहिणीकडे. हा आपला कामावरून कामावर जाताना वाटेत तिथे उतरायचा, पोरीला बघायचा, पुढे जायचा. पोर शिकली, नोकरीला लागली, लग्न करून लांब दुसऱ्या टोकाला गेली. फोन यायचा, पण दोघांचं बोलणं म्हणजे तार केल्यासारखं. जेवलात का, जेवलो. तब्येत, बरी. ठेवू का, ठेव. मला जिन्यात ऐकू यायचं.

मग त्याच्या गुडघ्यांनी संप केला आणि कंपनीने त्याला मोकळं केलं. त्यानंतरच्या आठवड्यात तो खाली आला. मी भाजी निवडत बसले होते. दारात उभा, आत येईना.

“लेकीचा फोन आला होता. तिकडे बोलावलंय. राहायला.”

“बरं झालं.”

“राहायला म्हणाली, मावशी. भेटायला नाही म्हणाली.”

हे त्याने मला चहा होईपर्यंत आणखी दोनदा सांगितलं. तेव्हा मला कळलं की या माणसाचा जीव त्या एका शब्दाला टांगलाय. उभ्या आयुष्यात त्याला ‘या’ सगळेच म्हणाले होते. ‘राहा’ कुणी म्हणालं नव्हतं.

आता घोडं अडलं ते बॅगेपाशी. जुनी बॅग तळाला फाटलेली, तिची मूठ तारेने बांधलेली. मी म्हटलं, “ही घेऊन दारात उभे राहिलात तर जावई आधी सुट्टे पैसे शोधेल.” हसला, पण पटलं त्याला. मला म्हणाला, “तुम्ही चला बरोबर. मला घरातली बॅग घेता येत नाही.” घरातली बॅग म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक.

स्टँडसमोरच्या गल्लीत बॅगांचं दुकान आहे. दुकानदार बोलका. त्याने फिटरला एक चाकांची बॅग दाखवली.

“चिखलात चाकं काय करणार?” फिटर म्हणाला.

“अहो, लेकीच्या घरात चिखल कुठून येणार?” मी म्हटलं.

“सवय, मावशी.”

मग दुसरी आली. फिटरने डोळे मिटले आणि एका बोटाने चेन शोधायला लागला. अंधारात सापडली पाहिजे म्हणे. मग तिसरी जमिनीवर ठेवून तिच्यावर बसला, कारण स्टेशनवर बाक मिळेलच असं नाही. चौथीला उशी करून तो खरोखर दुकानाच्या फरशीवर आडवा झाला. येणारी-जाणारी माणसं बघायला लागली. मी पदर तोंडाला लावून छत्र्या बघितल्यासारखं केलं.

“काका,” दुकानदार म्हणाला, “बॅग न्यायचीय की तिला कामावर ठेवायचीय? एवढी परीक्षा तर माझी पण कुणी घेतली नव्हती.”

“म्हणून तर दुकान काढावं लागलं तुम्हाला,” मी म्हटलं.

“बोला मावशी, बोला. बरं काका, मला एवढंच सांगा, किती दिवसांचा प्रवास आहे? दोन दिवसांची बॅग वेगळी, दोन महिन्यांची वेगळी.”

फिटर उठून बसला. कपडे झटकले. उशाची बॅग दुकानदाराच्या हातात दिली.

“ते अजून कळायचंय,” म्हणाला.

दुकानदार शहाणा माणूस. त्याने पुढे विचारलं नाही. आत जाऊन एक करड्या रंगाची बॅग घेऊन आला. पाठीवर घ्या, खांद्याला लावा, हातात धरा, सगळ्याची सोय. दोन दिवसांचे कपडे असतील तर पट्टे ओढून लहान करायची, लांब जायचं असेल तर सोडून मोठी करायची. आणि वरचा आकडा बाहेर काढून खुंटीला अडकवली की आत कापडाचे तीन कप्पे सरळ उभे राहायचे, एकाखाली एक.

“हे फिरतं कपाट आहे काका. जिथे टांगाल तिथे तुमचं घर.”

फिटरचा चेहरा असा उजळला की काय सांगू. कप्प्यात हात घालून बघितला, परत काढला, परत घातला. “म्हणजे तिच्या घरात माझी एक वस्तू बाहेर पडायला नको,” म्हणाला. “मी आहे हे कळणारसुद्धा नाही कुणाला.” मलाही ते शहाणपणाचं वाटलं. पाहुण्याने असंच असावं, असं आपण धरून चालतो.

तो गेला. घर एकदम मोठं झालं. वरची खोली झाडून घेताना मला झाडायला काही सापडलं नाही. चुकूनसुद्धा काही मागे राहिलं नव्हतं, एक बटण नाही की कागदाचा कपटा नाही. संध्याकाळी मी दिवा लावून बसायचे आणि मनात म्हणायचे, आता लेक त्याला वाढत असेल. बरं वाटायचं. आणि मग काही सुचायचं नाही.

पण महिना उलटायच्या आत फाटक वाजलं. बघते तर फिटर. पाठीला करडी बॅग, ताठ उभा, जसा कामावरून यायचा तसा.

“अहो, इतक्यात?”

“झाली भेट.”

“राहायला गेला होतात ना?”

“झालं की राहून.”

जिना चढून वर गेला तो खाली यायचं नाव नाही. चहाला हाक मारली तर आताच घेतला म्हणायचा. स्टोव्ह पेटल्याचा वास काही यायचा नाही. शेवटी मीच कप घेऊन वर गेले.

“घर कसं आहे लेकीचं?”

“चांगलं आहे. हवा येते. जावई सज्जन आहे.”

“मग बिनसलं कुठे?”

“कुठेच नाही. पण कुणी थांबा म्हणालं नाही.”

“जा म्हणालं का कुणी?”

“नाही.”

“मग?”

“मावशी, काम संपल्यावर फिटरला कुणी जा म्हणत नसतं. ते त्याचं त्याने ओळखायचं असतं.”

कप तिथेच ठेवून खाली आले.

मग एका दुपारी लेकीचा फोन मला आला. अडीअडचणीला म्हणून माझा नंबर तिच्याकडे होता.

“आजी, बाबा नीट पोचले ना?”

“पोचून जुने झाले. त्यांनाच विचार की.”

“ते हो म्हणतात आणि फोन ठेवतात.” मग हळूच विचारलं, “आजी, त्यांना आमच्याकडे आवडलं नाही का हो? तुम्हाला काही बोलले?”

“तूच सांग, काय झालं तिकडे?”

तेव्हा तिने सांगितलं. तिने बापासाठी एक अख्खं कपाट रिकामं केलं होतं. फळ्या पुसून त्यांवर पांढरा कागद घातला होता. पहिल्याच दिवशी म्हणाली, बाबा, हे तुमचं. बाबा म्हणाले, वा, छान. आणि कपाटाचं दार हलकेच लावून टाकलं. ते परत उघडलं नाही. रोज सकाळी ती उठून बघते तर अंथरुणाची घडी केलेली, बॅगेत सगळं भरलेलं, चेन लावलेली, आणि बॅग दाराशी उभी.

“लहानपणी ते आत्याकडे यायचे ना, आजी, तेव्हा मी त्यांच्याकडे आधी बघायचेच नाही. बॅगेकडे बघायचे. चेन उघडी असली की बाबा आहेत. चेन लावली की चालले. आता एवढी मोठी झाले, पण रोज उठून आधी दाराकडेच बघत होते. रोज वाटायचं, आजच निघणार.”

“अगं, मग विचारायचं ना, थांबताय ना म्हणून!”

“लहान असताना विचारायचे. त्यांचा चेहरा इतकासा व्हायचा. मग सोडून दिलं विचारणं.”

फोन ठेवला आणि मी परत तो जिना चढले. माझे गुडघे काही फिटरच्या गुडघ्यांपेक्षा धड नाहीत. दारातच सगळं बोलून टाकलं, एका दमात, दम होता तेवढ्यात.

“चेन?” तो म्हणाला. “चेन लावावीच लागते. शेडमध्ये एवढी माणसं, कुणाचं काय कुणाकडे जाईल...”

“ती शेड होती का?”

तो खाली बसला. खाटेच्या कडेवर, हात गुडघ्यांवर.

“तिने नवा कागद घातला होता फळ्यांवर,” म्हणाला. “मी हात लावून बघितला. चांगला कागद होता. माझे कपडे ठेवले असते तर मळला असता.”

“मळला असता तर दुसरा घातला असता तिने!”

तो खिडकीकडे तोंड करून बसला. मी उगाच टॉवेल सारखा केला. आणि मग हा साठी उलटलेला माणूस मला काय म्हणतो?

“मावशी, कपाटात कपडे लावतात कसे?”

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्याला खाली घेऊन आले. माझ्या कपाटातला एक कप्पा मोकळा केला आणि म्हटलं, लावा. त्याने एकेक शर्ट गुंडाळून नळकांड्यासारखा केला आणि अशी गच्च रांग लावली की मधे सुई जाईना.

“अहो, हे काय केलंत?”

“हलायला नको ना.”

“कपाट कुठे चाललं नाहीये! धक्के बसायचे नाहीत त्याला. सुटं लावा, घड्या घाला. आणि ही एवढी जागा सोडा.”

“रिकामी?”

“रिकामी. उद्या लेक एखादा नवा शर्ट आणेल तुम्हाला. तो कुठे ठेवणार?”

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. हातातला शर्ट तसाच धरून त्या मोकळ्या जागेकडे बघत उभा राहिला. मग पुन्हा सगळं काढलं, पुन्हा लावलं. मला दाखवलं. घड्या वाकड्याच होत्या, पण मी चांगलं आहे म्हटलं.

लेकीला त्याने स्वतः फोन केला. काय बोलला ते मी ऐकलं नाही. या वेळी मुद्दाम मोरीत जाऊन नळ सोडला. आठवड्याने तो गेला. खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि पाया पडायला वाकला, तर गुडघ्यातून उठता येईना. दोघांनी मिळून उठवला त्याला, त्याने आणि मी.

पोचल्यावर फोन आला. “मावशी, लावले कपडे. झोप नाही आली नीट. सारखं वाटत होतं काहीतरी मागे राहील.”

“राहू दे,” मी म्हटलं.

त्यानंतर एकदा त्याचा फोन आला, मग एकदा लेकीचा. बाबा दूध आणायला गेलेत म्हणाली, आवाजात हसू होतं. मग फोन यायचे थांबले. मी काळजी केली नाही. ज्याचं बस्तान बसतं तो माणूस फोन करत नाही. माझ्या तिन्ही मुलांचं बस्तान छान बसलंय, म्हणून मला माहीत आहे.

खोली बघायला दोन-तीन माणसं येऊन गेली. मी त्यांना सांगितलं, जरा रंग द्यायचाय, मग बघू. रंग काही द्यायचा नाहीये. पण इतक्यात कुणाचं सामान चढताना बघायची तयारी नाही माझी.