पांढऱ्या चौकोनांतले वाल

रस्त्याच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणारा मनुष्य आयुष्यभर मान खाली घालून चालतो. त्यामुळे कडेची माणसे त्याला उशिरा दिसतात. निदान मला तरी उशिराच दिसली.

त्या वर्षी पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या रस्त्याचा, निडीच्या अलीकडचा, नुकताच रुंद केलेला तुकडा माझ्याकडे निरीक्षणासाठी होता. तडे कुठे पडतात, खडी कुठे उघडी होते, हे दर खेपेस त्याच जागी पाहता यावे, म्हणून मी कडेने ओळीत मोठे पांढरे चौकोन आखून घेतले आणि प्रत्येकात क्रमांक घातला. गावात कोणाला काही सांगावे, हे मला सुचले नाही.

पुढच्या खेपेस जीपमधून उतरलो, तर चौकोन दिसेनात. प्रत्येकात वालाच्या शेंगा पसरल्या होत्या, आणि त्याही आखल्या रेषेच्या आत, मोठ्या शिस्तीने. भातानंतर या बाजूला वाल करतात. वाळलेल्या शेंगांवरून वाहने गेली की त्या आपोआप फुटतात, झोडपण्याचे कष्ट वाचतात. सरकारने घरटी एकेक खळे आखून दिले, असा माझ्या रंगाचा अर्थ गावाने लावला होता. क्रमांकांप्रमाणे वाटपही उरकले होते.

एक वयस्कर काकी काठीने शेंगा सारख्या करीत होत्या.

"काकी, इथे वाळत घालू नका. रस्ता कसा झिजतो, ते मला पाहायचे आहे."

"बघा ना. आमी रस्ता झाकलाय, तुमचे डोळे नाय झाकले."

शेजारी त्यांची सून हसली.

"हसतेस काय गो? सायबांना सावलीत बसव. त्यांचा रस्ता झिजायचा थांबलाय."

तेवढ्यात एका मोटारसायकलचे मागचे चाक शेंगांवरून सरकले. स्वार पाय टेकून कसाबसा सावरला आणि निघून गेला. ओल्या डांबरावर चाक किती घसरते, हे मोजणारे यंत्र माझ्या जीपमध्ये होते. सुक्या वालाचा विचार मी कधी केला नव्हता. मी शेंगा उचलायला सांगितल्या.

"उचलते," काकी म्हणाल्या. "पण ठेवू कुठं? माझं खळं तुमच्या रुंदीकरणात गेलं. वर आभाळ आलंय. भिजले तर वर्साचे वाल गेले."

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले. त्यांचे खळे नकाशावर मी 'मोकळी कडा' म्हणून वाचले होते.

वळण सरळ केल्यावर जुन्या रस्त्याचा एक तुकडा बाजूला पडून राहिला होता. मी तो दाखवला. पाट्या भरभरून शेंगा तिकडे गेल्या. काकींनी जागा न्याहाळली.

"जागा बरी हाय. पण हितं गाडी कुठली यायला? शेंगा फोडायच्या कुणी?"

उत्तर सुनेला सुचले.

"सायबांची जीप हाय की."

यंत्र उतरवून सावलीत ठेवले. दुपारभर आमचा चालक वालांवरून जीप पुढे-मागे करीत राहिला, आणि काकी काठी उगारून त्याला वळवीत राहिल्या: "मधी नको, कडेला घे. कडेचे राहिले."

आभाळाने संध्याकाळपर्यंत दम धरला. वाल पाखडून पोत्यांत गेले. आम्ही निघालो, तेव्हा काकी जीपच्या आडव्या आल्या.

"थांबा. चाकं दाखवा. आमचे वाल पेणला न्याल."

आणि टायरच्या खाचांत अडकलेले दाणे काडीने उकरून घेतल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडले नाही.