पुलापर्यंतची फटफटी

आमच्या सासरची फटफटी म्हणजे मामांचा जीव. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. दोन सायलेन्सरची काळी गाडी. किक मारून झाली की तोच दांडा आत दाबून पुढं वळवायचा, मग त्याचाच गिअर व्हायचा. साखर कारखाना उभा राहायचा होता तेव्हा मामा हिच्यावर बसून गावोगाव हिंडले, लोकांना सभासद केलं आणि त्या हिंडण्यावरच पुढं गावच्या सोसायटीचे चेअरमन झाले. मी लग्न होऊन आले तोवर सगळं उलटं झालं होतं. पाऊस नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून कारखाना बंद. त्यातच मामांच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हातपाय लुळा पडला. ते ओसरीवर बाजेवर आणि गाडी त्यांच्यासमोर गोणपाटाखाली. दिवसभर दोघं एकमेकांकडं बघत असायचे.

आणि तिसरी मी. माझे हातपाय धडधाकट होते, पण जायचं कुठं? टँकर आला की गावातल्या बाया भांडायला का होईना बाहेर पडायच्या. घागरी आपटायच्या, एकमेकींचा उद्धार करायच्या, हसायच्या. मला तेवढंही नशीब नव्हतं. चेअरमनच्या सुनेनं रांगेत उभं राहायचं नसतं, म्हणून आमचं पाणी गडी आणून रांजणात ओतायचा. मी आपली चौकटीला टेकून लांबून भांडणं ऐकायची. खरं सांगते, जीव नुसता कोंडून यायचा. एखादीनं मलाही दोन शिव्या द्याव्यात, असं वाटायचं.

माझं माहेर तलवाड्याकडं. वडील विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे, लांबलांबून त्यांना बोलावणं यायचं. ते गेले, भावानं काम धरलं. पण विहिरीच आटल्या तर इंजिन कोण चालवतो आणि दुरुस्त कोण करतो? दिवाळी झाली तसे भाऊ-भावजय लेकरं घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेले. आई घरी एकटी राहिली. पंचमीला मला कुणी न्यायला आलं नव्हतं, दिवाळीलाही नाही. मी यांच्या मागं लागले. यांचा सगळा वेळ सोसायटीच्या निवडणुकीत जायचा.

"यष्टीनं जायचं म्हंजी दोन ठिकाणी बदलायची. आख्खा दिवस मोडतो," हे म्हणाले.

"मग मी एकटी जाते."

"एकटी?" आतून आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे सासूबाई. "आपल्या घरात तशी रीत न्हाई, बाई."

मग हे गाडीकडं बघून हसत म्हणाले, "ही चालू झाली तर एका सकाळीत सोडून येतो बघ. आठ दिस ऱ्हा." यांनी थट्टा केली होती. पण मामांनी डावा हात बाजेच्या खुरावर दोनदा आपटला. वारं गेल्यापासून त्यांची ती सही होती. म्हणजे ठरलं.

झालं! मी पदर खोचला आणि गोणपाट ओढून काढलं. इंजिनवाल्याची पोर मी, पाने-पकडी बघत मोठी झालेली. चेअरमननं असल्या घरातली सून केली हे आत्याबाईंना कधी पटलं नव्हतं, आणि आता तर ती सून ओसरीवर प्लग खोलून बसली. त्यात अडचण अशी, की सुनेनं सासऱ्याशी तोंडातोंडी बोलायचं नाही. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. गाडीची माहिती सगळी मामांना, हात माझे, आणि मधे आत्याबाई वाती वळत बसलेल्या.

"आत्याबाई, मामांना विचारा, पॉइंट घासू का?"

"अहो, ती म्हणती, पॉइंट घासू का?"

मामा जड जिभेनं म्हणायचे, "घास. हळू."

"हळू घास म्हणत्यात."

मी काय बहिरी होते? चार हातांच्या आत आम्ही तिघं! पण रीत म्हणजे रीत. त्यातनं आत्याबाई रागात असल्या की निरोप पोचवायच्याच नाहीत. मी विचारलेलं तसंच पडून राहायचं, मामा बाजेवर हात आपटून आपटून दमायचे आणि आत्याबाई वाती वळायच्या. मी कार्बोरेटर खोलला, त्यातलं वाळलेलं पेट्रोल खरवडलं, जेट तोंडानं फुंकलं. तोंडाला अशी चव आली की दिवसभर भाकरी गोड लागली नाही. पदर एकसारखा चेनमध्ये जायचा. तीन साड्यांचे पदर मी त्या गाडीपायी खराब केले. काळे झालेले हात धुवायला पाणी मागितलं की आत्याबाई डोळे वटारायच्या. "राखेनं घास."

ज्या दिवशी ती चालू झाली त्या दिवशी ओसरी धुरानं निळी झाली. पेट्रोलात ऑइल जरा जास्त पडलं होतं. मामांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धुरानं असेल, नाहीतर कशानं असेल. मी आत जाऊन पिशवी भरली. हे बसले, मी मागं बसले, वेशीतनं निघालो. पोरंटोरं मागं पळाली. मला वाटलं, सुटले बाई एकदाची!

गावाबाहेर कोरड्या ओढ्यावर पूल आहे. पुलावर गाडी दोनदा खोकली आणि गप झाली. यांनी किका मारल्या, घाम पुसला, परत किका मारल्या. शेवटी हे पुढं गाडी ढकलत आणि मी मागं पिशवी घेऊन, डोक्यावर पदर, अशी आमची मिरवणूक घरी आली. पारावर बसलेले म्हातारे मान खाली घालून हसत होते.

घरी आल्यावर किक मारली, तर पहिल्या किकेला चालू! यांनी कपाळाला हात लावला.

त्यानंतर हेच होत राहिलं. मी काहीतरी दुरुस्त करायची, आम्ही निघायचो, आणि पुलावर ती मरायची. कधी पुलाच्या अलीकडं, कधी जरा पलीकडं, पण पलीकडं रस्त्याकडेला बाभूळ आहे, तिच्या पुढं म्हणून गेली नाही. जरा वेळ थांबलं, हलवलं की चालू व्हायची आणि थोडं चालून परत बंद. असल्या भरवशावर बाईमाणसाला घेऊन तलवाड्यापर्यंत कोण जाईल? यांचंही बरोबर होतं. पण मला कधीकधी यांचा संशय यायचा. गाडी बंद पडली की हे वैतागायचे खरे, पण माघारी वळताना चालणं जरा जास्तच झपाझप असायचं. सोसायटीच्या बैठकीला वेळेवर पोचायचे.

गावानं कारण काढलं. पुलाजवळ म्हसोबाचा धोंडा आहे, तो जाऊ देत नाही. आत्याबाईंनी हँडलला लिंबू बांधलं. मी प्लग नवा घातला. म्हसोबानं लिंबूही मानलं नाही आणि प्लगही मानला नाही. माझ्या पिशवीतल्या घड्या मोडल्या तरी मी ती सोडत नव्हते. सोडली की जाणं राहिलंच, असं मनात बसलं होतं. मग मी चिडायला लागले. भाकरी करपवायची, भांडी आपटायची, यांच्याशी बोलायची नाही. एकदा पुलावर मी सरळ खाली मातीत बसले आणि मोठ्यानं रडले. हे म्हणाले, "आगं, लोक बघत्यात." मी म्हटलं, "बघू द्या! येवढं तरी बघू द्या त्यान्ला."

शिमगा झाला, उन्हं तापली. एक दिवस वैतागून मी टाकीच काढली. आत गंज धरला असेल, असा विचार. कणकेच्या परातीत टाकी उपडी केली. आत्याबाई ओरडल्या, "माझी परात!" पेट्रोल धबाधबा पडलं आणि त्याच्यामागं परातीत टणटण वाजलं.

ज्वारी! टपोरे, कुंकवानं लाल झालेले ज्वारीचे दाणे.

मी बघतच राहिले. आणि मग उमगलं. त्या वर्षी आमची बैलजोडी बंद कारखान्याच्या आवारातल्या चारा छावणीवर होती, आणि पोळ्याला गोठा मोकळा. मोकळ्या गोठ्यात पोळा कसा जाऊ द्यायचा, म्हणून आत्याबाईंनी गड्याला सांगून गाडी गोठ्यात उभी केली होती. मडगार्डला गेरू, हँडलला घुंगुरमाळ, दिव्याला बाशिंग. बैलांचं लावतात तसं तिचं लग्न लावलं, मंगलाष्टकं म्हटली, आमच्याकडच्या रीतीप्रमाणं ज्वारीच्या अक्षता टाकल्या. मी तेव्हा आत पुरणपोळ्या लाटत होते, मला नुसतं गाणं ऐकू आलं होतं.

टाकीच्या तळाला पेट्रोलचा कॉक, त्याच्यावरची जाळी केव्हाच फाटली होती. पेट्रोल चालायला लागलं की दाणा घरंगळत भोकावर येऊन बसायचा. पेट्रोल बंद, गाडी बंद. ढकलताना हलली की दाणा बाजूला. पूल म्हणजे बरोबर तेवढंच अंतर.

मी दाणे तळहातावर घेतले आणि रीतभात गेली खड्ड्यात, सरळ बाजेपुढं उभी राहिले. "मामा, हे बघा! टाकीत अक्षता हायेत, अक्षता!"

पदर खांद्यावर आला होता. मामांनी दाणे बघितले, मला बघितलं, मग आत्याबाईंना बघितलं, आणि अर्ध्या तोंडानं हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

आत्याबाई काय कमी! "मंग? बैलाला घास देतो, तिलाच कावून उपाशी ठेवायची? तोंड उघडलं आन टाकल्या चिमूटभर," त्या म्हणाल्या. मी रागवावं की काय करावं? मीही हसले. त्या दिवशी मी मामांशी सरळ बोलले ती बोललेच, आणि कुणी काही म्हटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही निघालो. पूल आला, बाभूळ आली, बाभूळ मागं गेली. मी यांच्या खांद्याला घट्ट धरलं आणि मोठ्यानं ओरडले. माजलगावच्या बाजूला कालव्याकडेला थोडा हिरवा ऊस दिसला, मग परत सगळं पांढरं रान. मी मनात आठ दिवस मोजून ठेवले होते. आईच्या डोक्याला तेल लावायचं, गोधडी शिवायची, दिवसभर दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं.

आई दारातच उभी होती, गाडीच्या आवाजानं बाहेर आलेली. वाळली होती. जावई आला म्हणून तिची धांदल उडाली. आत जाऊन तिनं बादली भरून आणली आणि यांच्यापुढं तांब्या धरला. यांनी पाय धुतले, तोंड धुतलं, मान धुतली, खळखळून चूळ भरली. आणि बादलीत उरलेलं पाणी गाडीच्या धुळीनं भरलेल्या टाकीवर ओतलं. टाकी चकचकली. हे खूश झाले. पाणी गाडीखाली जमिनीनं पिऊन टाकलं.

मी तहानले होते म्हणून आत गेले. रांजणात तांब्या घातला तर बुडाला घासला. आत हात फिरवून बघितला, तळाला ओल होती.

"टँकर कवा येतो गं?"

"परवा. आला तर."

"आन किती देत्यात?"

"यादीवर नाव आसंल त्या माणशी एक घागर. घरात मी एकटी, म्हंजी एकच."

"मी हाय ना आता. मी ऱ्हाते रांगेत उभी, दोन आणू."

"तुझं नाव तिकडं हाय, बाई," आई म्हणाली. रागानं नाही, नुसतंच सांगितलं.

मी रांजणावर झाकण ठेवलं. आमच्या घरी गडी रांजण भरून जायचा आणि मी चौकटीला टेकून रांगेतल्या भांडणांचा हेवा करायची, हे आईला कसं सांगू? कळशीच्या बुडाला उरलेल्या पाण्यात तिनं यांना चहा केला, कपभर. स्वतःला केला नाही. मला विचारलं, मी नको म्हटलं.

चहा पिऊन हे उठले. "मंग येतो आठ दिसांनी," म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. "मी बी येते माघारी." आणि आईला ऐकू जावं म्हणून परत एकदा, मोठ्यानं म्हटलं.

यांनी माझ्याकडं येड्यागत बघितलं. माझी पिशवी अजून सोडलेलीसुद्धा नव्हती. त्यातलं पीठ आणि शेंगा काढून मी आईच्या पुढ्यात ठेवल्या. आई 'राहा' म्हणेल, हाताला धरून बसवेल, निदान एक रात्र तरी म्हणेल, म्हणून मी चप्पल घालायला लई वेळ लावला. पट्टा काढला, परत घातला.

आई गाडीखालच्या ओल्या मातीकडं बघत होती.

"निघा," ती म्हणाली. "ऊन चढायच्या आत पोचताल."