राखेची गोललाइन

त्या वर्षी आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम एकही मॅच जिंकली नाही. वाशीममध्ये फुटबॉल खेळतो म्हटलं की लोक आधी हसायचे, मग विचारायचे, "कितीनं हरले?" मी कॅप्टन, म्हणून उत्तर मलाच द्यावं लागायचं आणि माझं डोकं फिरायचं.

टीममध्ये कामाचा एकटा गोलकीपर. त्याचे वडील प्रत्येक मॅचला गोलच्या डाव्या खांबामागे उभे राहायचे. तळहातावर तंबाखू मळत दर पाच मिनिटांनी एकच वाक्य, "डावी पाह्य रे, डावी." पोराची डावी बाजू कच्ची होती, हे साऱ्या जिल्ह्याला त्यांनीच कळवलं असेल. आम्ही त्यांच्या नकला करायचो.

शेवटच्या मॅचच्या दोन दिवस आधी ते गेले. सकाळी शेतात पडले ते उठलेच नाहीत. आम्ही त्या दिवशी अकोल्याला गोलकीपरशिवाय सहा गोल खात होतो. परत येईपर्यंत अंत्यविधी उरकला होता.

शेवटची मॅच आमच्याच मैदानावर होती. सकाळी पाहतो तर रेषा मारायची फक्की संपलेली. ती पांढरी पावडर क्रिकेटवाल्यांनी आपल्या बाउंड्रीवर उधळली होती, हरामखोर! खेळाचे सर म्हणाले, "कायले चिडून राह्यला? नदीवरून भट्टीची राख आन. कबड्डीले तेच करतो ना आपन."

पोतं घेऊन गाडीवर गेलो. धुकं असं, की वीटभट्टीचं धुराडं दिसेना. भट्टीच्या थोडं अलीकडेच ढीग लागला. राख बारीक, पांढरी, चाळून ठेवल्यासारखी. घमेल्यानं कडेकडेनं ओढली. हात लावला तर कोमट. थंडीत बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मनगटापर्यंत दोन्ही हात आत घालून मी चांगले शेकून घेतले.

एक पोतं कॉलेजकडच्या गोललाइनलाच पुरलं. बाकी जुन्या रेषांवर भागवलं.

दुपारी गोलकीपर येऊन उभा राहिला. कोणालाच अपेक्षा नव्हती. "बाबा असते तं खेळ म्हनले असते," एवढंच बोलला. पहिला हाफ पलीकडच्या गोलला, आणि एक-एक अशी बरोबरी. आमच्यासाठी हाच चमत्कार होता. हाफटाइमला तो माझ्याशेजारी बसला.

"सकाळी राख सावडायले गेलो होतो. हाडं भेटली, राख अर्धीच. कोनं तरी ओढून नेली रे."

"अग्नी कुठं दिला होता?"

"स्मशानातल्या शेडचे पत्रे उडाले ना. भट्टीच्या अलीकडं, उघड्यावर." मग खाली पाहत म्हणाला, "माय म्हन्ते, अर्धा मानूस पान्यात सोडू देनार नाही. मडकं झाडाले टांगून ठेवलं. माय झाडाखालून उठून नाही राह्यली."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण शिट्टी वाजली, आणि सुटलो असं वाटलं मला, खरंच.

दुसऱ्या हाफला त्याचा गोल कॉलेजकडचा. त्यांच्या स्ट्रायकरनं जोरात मारलेला बॉल घरंगळत येऊन बरोबर रेषेवर थांबला. मैदानाला उतार असूनही थांबला. नंतर आणखी एकदा तसंच झालं. आणि हा पोरगा लाथ बसायच्या आधीच डावीकडे झेप घेत होता. मी बचावाला, त्याच्यापासून दहा पावलांवर. डाव्या खांबाकडे मान वळवून तो हळूच म्हणाला, "हो बाबा, पाह्यतो." खांबामागे कोणी नव्हतं. तंबाखूचा वास मात्र मला आला.

मी भ्यालो. दुसरं काही कारण नाही. कॉर्नरच्या वेळी डाव्या खांबाशी उभं राहायची माझी पाळी आली, तेव्हा बुटानं तिथली वीतभर रेषा खरडून पुसून टाकली. दोनच मिनिटांत बॉल तिथूनच आत गेला. त्यानं डावीकडे पाहिलंच नव्हतं. आम्ही हरलो.

सगळे गेल्यावर तो गोलमध्ये एकटा बसला होता.

"आज बाबा शेवटी शेवटी बोललेच नाही," तो म्हणाला.

मग मी सगळं सांगितलं. भट्टी, पोतं, शेकलेले हात, पुसलेली रेषा, सगळं. त्यानं मला हाणायला पाहिजे होतं. हाण ना बाबा, दोन थोबाडीत दे आणि मोकळं कर मला! पण त्यानं जर्सी काढून जमिनीवर पसरली आणि उजव्या खांबापासून ओंजळीनं रेषा गोळा करत आला. मी वाकलो तर म्हणाला, "तू हात नको लावू."

पुसलेल्या जागेशी तो थांबला. तिथं काहीच उरलं नव्हतं. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं.

"बूट काढ. मायले पुरा मानूस नेऊन द्या लागते."

मी बूट दिला. त्यानं बुटाचा तळ जर्सीवर आपटला, मग खिळ्यांच्या मधली राख नखानं कोरून कोरून काढली. मी एका पायानं अनवाणी उभा होतो. ऊन उतरलं होतं, सगळं मैदान गार पडलं होतं, आणि माझ्या पायाखालची तेवढी वीतभर जागा अजून कोमट होती.