डेस्कटॉपवरचे वाचन

बोट जिभेला लावून पान उलटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. कोरडा, किंचित चिकट, आणि त्याच्या मागोमाग दोनदा खोकणे. वर्षावासाच्या तीन महिन्यांत बाबा रोज संध्याकाळी गावच्या विहारात ग्रंथवाचन करीत. आधी पान, मग खोकला, मग शब्द. त्यांच्या अखेरच्या पावसाळ्यात मी ते वाचन रोज मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले आणि संगणकात उतरवून ठेवले. पुढे बाबा गेले, तो मोबाइलही बंद पडला. आईला अक्षरओळख नाही, आणि गुडघ्यांमुळे विहाराच्या पायऱ्या आता तिच्याने चढवत नाहीत. दरवर्षी आषाढी पौर्णिमेपासून ती संगणकासमोर मेणबत्ती लावून बसते आणि रोज एका दिवसाचे वाचन ऐकते.

यंदा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी तो संगणक पुसदला नेला. तो इतका मंद झाला होता की सुरू होईपर्यंत समोरचा चहा गार होई. दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या बाईंनी नवी, वेगवान डिस्क बसवली आणि जुनी हार्ड डिस्क तळहातावर तोलली.

"ही फेकू नका, मॅडम. डबीत बसवून देते, सामान ठेवाले कामी येईन. सी खाली करते. तिथं काही नाही ना?"

"सगळे डीमध्ये आहे," मी म्हणाले. डिस्कच्या दोन कप्प्यांपैकी सी पुसली जाते आणि डी राहते, हे संगणक दुरुस्तीला नेणाऱ्या आम्हा सर्वांना पाठ असते. माझ्या कविता, लेकीच्या लग्नाची छायाचित्रे, सारे मी डीमध्ये नीट लावून ठेवले होते.

मेणबत्त्या घ्यायला बाजारात गेले, तोच आईचा फोन आला.

"तो पिवळा डबा कोपऱ्यातच राहू दे बरं. जागा बदलली तं मले सापडत नाही. उद्या पौर्णिमा हाय."

पिवळा डबा म्हणजे बाबांच्या वाचनाचा फोल्डर. आईला एका बोटाने उघडता यावा म्हणून मीच तो पडद्याच्या कोपऱ्यात, डेस्कटॉपवर ठेवला होता. मेणबत्त्यांचा पुडा हातात तसाच राहिला. डेस्कटॉप सीमध्ये असतो, हे मला त्या गर्दीत, उकडलेल्या शेंगांच्या खारट वाफेत उभी असताना आठवले.

दुकानापर्यंत मी कशी आले, ते सांगता येणार नाही. आत तापलेल्या कथलाचा धूर कोंडला होता.

"सी खाली केली?"

"कवाचीच. आता डीमधले फोटो त्या रिकाम्या जागेत सरकवून राह्यली."

"थांबवा."

बाईंचा हात माउसवरून उचलला गेला. मी कसेबसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

"सारे तिथंच ठेवतात, मॅडम, अन् मले सांगतात डीमध्ये हाय." मग त्यांनी पायाने स्टूल माझ्याकडे सरकवले. "फोटो ज्याच्यावर बसले ते गेलं. बाकीचं शोधू. बसा, उभं राहून लवकर सापडत नाही."

शोध सुरू झाला. जुनी डिस्क करकरू लागली. सुपात एखादा खडा फिरत राहावा, तशी. पडद्यावर जे वर येत होते त्याला नावे उरली नव्हती, नुसते आकडे होते. पहिली फाइल उघडलीच नाही. दुसरीत वाळू सांडल्यासारखी खरखर होती, आणि तीही मध्येच तुटली. पर्समध्ये फोन थरथरला. आईच असणार. मी तो उचलला नाही.

दुकानातल्या स्पीकरवर आवाज नीट कळत नव्हता. बाईंनी हेडफोन माझ्यापुढे धरला. मी तो त्यांच्याकडेच परत सरकवला.

"तुम्हीच ऐका," मी म्हणाले.

"मले कसं ओळखू येईन?"

"पान उलटल्याचा आवाज येतो. मग दोनदा खोकतात. मग वाचतात."

त्यांनी हेडफोन कानांवर चढवला. तिसरी फाइल. मान नकारार्थी हलली. चौथी. पुन्हा तीच मान. पाचवीला त्यांनी डोळे मिटले आणि हेडफोन बोटांनी कानाशी दाबून धरला. बाहेर एक ट्रक अडकून कर्कश हॉर्न देत होता. त्यांनी हात लांबवून दुकानाचे दार लोटून घेतले. मी त्यांच्या कपाळावरची आठी पाहत होते. ती हळूहळू सैल झाली. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या,

"खोकले."